दर्यासाहेबांचा सूर्य

“भिंत तुमची हाय, मालक. खिळा माझा हाय.”

माझ्या बापानं बांधलेल्या भिंतीला पाठ लावून, माझ्याच घरात मला असं बोलणारा एकच माणूस निघाला. घनसावंगीत माझ्यासमोर आवाज चढवायची तेव्हा कुणाची टाप नव्हती. आजही नाही. पण या माणसानं आवाज चढवलाच नव्हता. हळू बोलला, अन् हळू बोलणाऱ्याला काय उत्तर द्यायचं ते मला कुणी शिकवलेलं नाही.

गाव त्यांना दर्यासाहेब म्हणायचं. साखर कारखान्यातून रिटायर झाले अन् आमच्या पुढच्या दोन खोल्या त्यांनी भाड्यानं घेतल्या. एकटा जीव. सामान म्हणजे एक खाट, एक स्टोव्ह, दोन खुर्च्या अन् गोधड्यांत गुंडाळलेल्या फ्रेमा. मला वाटलं, देवाचे फोटो असतील. माणूस भाविक दिसतोय, बरं झालं. संध्याकाळी जाऊन बघतो तर चारी भिंतींवर पाणीच पाणी.

कारखान्याला मशिनी देणारी कुठली तरी परदेशी कंपनी होती, ती दर साली मोठ्ठं कॅलेंडर पाठवायची. एका साली त्यावर समुद्राची चित्रं आली. जुन्या काळच्या गोऱ्या चित्रकारांनी किनाऱ्यावर बसून काढलेली. वर्ष सरल्यावर लोकांनी त्या पानांची पुस्तकांना कव्हरं घातली, यांनी मात्र ती जालन्याला नेऊन काचेत मढवली. एका चित्रात पांढरा कडा पाण्यात असा उतरला होता, की हत्तीनं सोंड घालून पाणी प्यावं. एकात वाळूवर ओढून ठेवलेल्या होड्या. एकात गवताच्या टेकाडावर छत्री धरून उभी राहिलेली बाई, अन् वारं एवढं की छत्री आता उडते का मग. आणि समोरच्या भिंतीवर एक धुकट, निळसर पाणी, त्यात काळी होडी, अन् वर कुंकवाच्या टिकलीएवढा तांबडा सूर्य. खाली पाण्यात त्याची लाल फरफट.

आमच्याकडं फ्रेमीत दोनच जण बसतात, देव नाहीतर मेलेला माणूस. शेजारची म्हातारी बघायला आली. सगळ्या भिंती फिरली अन् हळूच म्हणाली, “साहेब, ह्यात गेलेलं कोण हाय?”

साहेब म्हणाले, “अजून कुणी न्हाई, मावशी.”

दसऱ्याला आमच्या हिनं घरातल्या फोटोंना हळदकुंकू लावलं, तसं समुद्रांनाही लावून आली. मला वाटलं आता हा चिडणार. तर म्हणाले, “राहू द्या, वहिनी. पाणीच हाय ते.” पुढच्या दसऱ्यापर्यंत हत्तीच्या सोंडेवर कुंकू होतं.

त्यांना चिडवायचं असलं तर एकच रस्ता होता. चित्राला नाक लावून उभं राहायचं. लगेच ओरडायचे, “मागं सरका! जवळनं नुसता रंगाचा चिखल हाय. मागं सरका, मंग पाणी दिसंल.” मी एकदा मागं सरकत सरकत ओसरीच्या पायरीवरून खाली पडलो. मला उठवायच्या आधी त्यांनी विचारलं, “दिसलं का?”

कारखान्यात ते पॅनमन होते. म्हणजे उसाचा पाक शिजवून त्यात साखरेचा दाणा पाडायचा. काचेच्या पट्टीवर पाकाचा थेंब घ्यायचा, दिव्यासमोर धरायचा, अन् डोळ्यानं बघून सांगायचं. एकदा मोठा साहेब घाई करून राह्यला होता, दाणा पडला म्हण अन् पॅन सोड. हे हटून बसले. “दाणा पडला न्हाई तर पडला म्हणायचं न्हाई.” सगळ्या कारखान्यासमोर शिव्या खाल्ल्या, पण म्हणाले नाहीत. ही गोष्ट ते पुन्हापुन्हा सांगायचे अन् मला तिचा कंटाळा यायचा. पुढं माझ्याच गळ्याशी येईल हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

आणि मजा बघा, या माणसानं समुद्र बघितलेला नव्हता. कारखान्याची ट्रिप एकदा कोकणात गेल्ती. सगळी माणसं पॅन्टी वर करून पाण्यात शिरली अन् हे बशीत पडदा ओढून बसून राहिले. हे त्यांच्याच तोंडून ऐकलं तेव्हा मी म्हणालो, “वेडे का खुळे हो तुम्ही?”

 साहेब त्या लाल सूर्याकडं बोट करून म्हणाले, “मालक, खरा बघितला अन् हे खोटं निघालं, तर मी घरी येऊन बघायचं काय?”

आता भिंत अन् खिळ्याचं सांगतो.

माझी नात. जालन्याला शिकली, हुशार, माझ्यासारखीच हेकट. तिला मंठ्याकडचं एक स्थळ आलं. पोरगा जालन्यात बियाण्याच्या कंपनीत कामाला. बाप लहानपणीच गेलेला, आईनं अन् मामानं वाढवलेला. नातीनं आधीच त्याच्याशी फोनवर बोलून घेतलं होतं. एक दिवस माझ्या खाटेपाशी येऊन बसली अन् पायाचं बोट जमिनीवर घासत म्हणाली, “आबा, हे जमू द्या. दुसरं बघू नका.” तिनं आयुष्यात माझ्याकडं कधी काही मागितलेलं नव्हतं. मी म्हणालो, “जमलं समज.” माझा शब्द म्हणजे शब्द.

फक्त बघायला येणाऱ्या माणसांना बसवायचं कुठं? आमच्या मागच्या खोल्यांवर नवा स्लॅब पडला होता, घरभर टेकू उभे. बैठक म्हणावी अशी जागा साहेबांचीच. ते तयार झाले. खुर्च्या मांडतो म्हणाले, चहाचे कप घासून ठेवतो म्हणाले. मी म्हणालो, “ही चित्रं तेवढी एक दिवस उतरवा. मामा लई सकुन-अपसकुनवाला हाय. घराचं दार कुठल्या दिशेला हाय हे फोनवर विचारत व्हता.”

तर ते वाक्य आलं. भिंत तुमची, खिळा माझा.

माझा हात फ्रेमीपर्यंत गेल्ता. ते पाठ लावून मध्ये उभे. आमची ही दारात येऊन म्हणाली, “अवं, पाव्हणे फाट्यावर आलेत. दोघं म्हातारे काय कोंबड्यावानी भांडून राह्यलेत?” मग मी हात खाली घेतला. पण एक अट घातली. तुम्ही तोंड उघडायचं नाही.

“विचारलं न्हाई तर उघडणार न्हाई,” ते म्हणाले.

पाव्हणे आले. मामा, पोरगा, पोराची आई. आई पांढऱ्या कपाळाची, कमी बोलणारी. मामा जाडजूड, बोटात तीन अंगठ्या, खुर्चीवर टेकायच्या आधी खोलीभर नजर फिरवली. नात पोह्यांचा ट्रे घेऊन आली, बसली, नाव-शिक्षण झालं. सगळं सुरळीत. मामानं पोह्याचा घास उचलला अन् समोरच्या भिंतीवर त्याची नजर अडकली. घास तसाच खाली ठेवला.

“हा सूर्य,” मामा म्हणाला, “उगवता हाय का मावळता?”

“उगवता,” मी म्हणालो. जराही अडखळलो नाही.

“समुद्रात?” मामा हसला. “अहो आबा, मी अलिबागला जाऊन आलेला माणूस. गणपतीपुळ्याला जाऊन आलो. समुद्रात सूर्य बुडतो. रोज बुडतो. उगवताना कुणी बघितलाय?”

 आता खरं सांगायचं तर आमच्या भागात ज्यानं ज्यानं समुद्र बघितला त्यानं कोकणातलाच बघितला, अन् तिथं तो बुडतोच.  पोरगा म्हणाला, “मामा, तिकडं पूर्वेच्या किनाऱ्याला उगवतो. आंध्राकडं.” त्यानं मोबाइल काढून कसलासा व्हिडिओ दाखवला. मामानं तो बघितलाच नाही. “मोबाइलमध्ये काय बी दाखवतात. उलटा फिरवला की मावळता उगवतो. तू डोळ्यानं बघितलास का?”

पोरानं मोबाइल खिशात घातला. पण मामाला उलटून बोलला हे मी हेरलं. पोरगा पसंत.

मामा साहेबांकडं वळला. “चित्र तुमचं हाय म्हणं. तुम्ही सांगा.”

मी साहेबांकडं बघितलं. नातीनं बघितलं. ती लहानपणापासून त्यांच्या खोलीत अभ्यास करायची, त्यांच्या हातचा कडू चहा प्यायची. एक शब्द. उगवता म्हणाले असते तर पोहे संपले असते अन् सुपारी फुटली असती.

साहेब उठून चित्रासमोर गेले, मागं सरकले, पुन्हा बघितलं. “मला माहीत न्हाई,” म्हणाले.

“माहीत न्हाई?”

“खाली विंग्रजीत काही लिहिलेलं होतं. जालन्याचा फ्रेमवाला देवाच्या कॅलेंडरची जाहिरात कापतो, तशी त्यानं ती पट्टी कापून टाकली. अन् समुद्र मी बघितलेला न्हाई.”

“समुद्र बघितला न्हाई, अन् घरभर समुद्र!” मामा मोठ्यानं हसला, पण ते हसणं वरवरचं होतं. पाणी प्याला अन् आवाज खाली आणून म्हणाला, “आबा, राग मानू नका. माझा मेव्हणा भरल्या संसारातून गेला. ह्या पोराला मी खांद्यावर वाढवलाय. बुडत्या सूर्यासमोर मी त्याची सुपारी फोडणार न्हाई. सूर्य समुद्रातनं उगवतो हे डोळ्यानं बघितलेला माणूस आणा. मंग बोलू.”

गेले. पोह्यांच्या बशा तशाच. नात आत गेली अन् आतून कडी लावली. मी साहेबांना काय काय बोललो ते सांगत नाही. चुकीचं काहीच बोललो नव्हतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं अन् शेवटी एवढंच म्हणाले, “दाणा पडला न्हाई, मालक. कसा म्हणू?”

दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो तर त्यांच्या दाराला कुलूप. चावी नातीकडं. “काका आंध्राच्या समुद्राला गेले,” ती म्हणाली. “काच कोरड्या पेपरनं पुसायला सांगितलीय.”

गुडघे गेलेला माणूस. जीपमध्ये चढताना दोघांनी वर ओढावं लागायचं. तो जालन्याला जाऊन, तिथून रेल्वेत बसून, हैदराबादच्या पलीकडं एकटा निघून गेला. मोबाइल होता, पण तो बंद करून डब्यात ठेवायची त्यांची सवय. आमच्या हिनं मला जेवताना सुनावलं, “तुमच्या एका उगवत्यापायी म्हातारा दर्यात घातला.” मी म्हणालो, “मी पाठवलं न्हाई.” तरी ताट सारून उठलो.

दिवस जायला लागले. मामाचा फोन आला, बघितलेला माणूस भेटला का? मी म्हणालो, बघायलाच गेलेला हाय. मामा म्हणाला, लौकर बघा, परतूरकडचं एक स्थळ आलंय. नात रोज साहेबांची खोली उघडायची, काचा पुसायची अन् त्या सूर्यासमोर उभी राहायची. मी ओसरीवरून बघायचो. बोलत नव्हती माझ्याशी. मी शब्द दिला होता अन् माझा शब्द दूर कुठल्या तरी वाळूत एकटा फिरत होता. तिकडंच काही झालं तर कुणाला कळवणार? त्यांच्या खिशात माझा पत्ता तरी असेल का? रोज घनसावंगीच्या स्टँडवर जाऊन बसायचो. कुणी विचारलं तर सांगायचो, ऊन खायला बसलोय.

एका दुपारी ते जालन्याच्या बशीतून उतरले. दाढी वाढलेली, पॅन्टीच्या दुमडीत वाळू. मी पिशवी घ्यायला गेलो नाही. फक्त विचारलं, “मंग?”

“घरी चला,” म्हणाले.

घरी आले. पायसुद्धा धुतले नाहीत. खोलीत शिरले अन् दार लावून घेतलं. मी बाहेर, नात बाहेर. आतून आवाज नाही. त्यांना कशाची भीती होती हे मला तेव्हा ध्यानात आलं. उगवता-मावळत्याची नव्हती. खरा बघून आलेला माणूस आता आपल्या भिंतीवरचं खोटं बघत आत बसला होता. हत्ती हत्ती राहिला का? बाईची छत्री वाऱ्यात आहे का नुसती रंगाची? मला वाटलं आता आतून काच फुटल्याचा आवाज येणार. नातीनं माझा हात धरला. कितीतरी दिवसांनी.

दार उघडलं. साहेबांचे डोळे ओले होते. “टिकली,” म्हणाले. “चित्रं टिकली, मालक.”

मामाला निरोप धाडला. पुन्हा त्याच खुर्च्या, तीच माणसं. मी साहेबांना आदल्या दिवशी विचारलं होतं, काय सांगणार? ते म्हणाले, बघितलं ते. म्हणजे काय, विचारलं तर हसले. 

मामा म्हणाला, “बोला.”

“समुद्रातनं सूर्य उगवतो,” साहेब म्हणाले. “मी डोळ्यानं बघितला. वाळूवर बसलो होतो. आधी पाणी काळं, मंग राखेसारखं, मंग एक तांबडी कड वर आली.”

मामानं मान डोलावली. खोटं बोलणारा माणूस त्याला ओळखता येत होता, अन् हा तसा नव्हता. “बराबर. मंग हा उगवता.”

मी आत चहाची हाक दिली. तर साहेब म्हणाले, “ते मला माहीत न्हाई.”

मी डोळे मिटले.

“येताना मुंबईवरनं आलो. सरळ गाडी सोडली अन् उलटा फेरा घातला. तिकडं मावळताना बी बघितला. दिसायला दोन्ही सारखेच, पाव्हणे. तोच तांबडा, तीच फरफट. थोडं थांबावं लागतं. वर चढला तर उगवता, खाली गेला तर मावळता. थांबल्याशिवाय कळत न्हाई.”

“चित्र कुठं चढतंय का उतरतंय?” मामाचा आवाज चढला. “म्हणजे कळणारच न्हाई!”

नात उंबऱ्यात उभी होती. हातात चहाचा ट्रे.  आता माझ्याकडं शिक्षण नाही, समुद्र मी बघितलेला नाही, पण माघार घेणं मला येत नाही.

“मंग थांबा,” मी म्हणालो.

“काय?”

“थांबा. बसा इथंच. आपण सगळे बघू. मावळायचा आसंल तर मावळंल. माझ्या घरात चहाला तोटा न्हाई.”

मी खुर्ची ओढून चित्रासमोर बसलो. मामा माझ्याकडं बघत राहिला, मग चिडून तोही चित्राकडं तोंड करून बसला. पोरगा बसला. साहेब मागं सरकून भिंतीला टेकले.  चहावर साय धरली. तांबडी टिकली आपल्या जागेवर, होडी आपल्या जागेवर.

पोराची आई तोवर एक शब्दही बोलली नव्हती. ती चित्राकडं बघतच म्हणाली, “दादा, माझी सुपारी सकाळच्या कोवळ्या उन्हात फुटली व्हती. तूच मुहूर्त काढला व्हता.”

 अंगठ्यांचा हात मामानं गुडघ्यावर ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मग खाली बघत म्हणाला, “आबा, अडकित्ता हाय का घरात?”

सुपारी मीच फोडली. सूर्यासमोर.

लग्न झालं. हत्तीचं चित्र साहेबांनी नातीला आहेर म्हणून दिलं. सूर्याची फ्रेम मात्र खिळ्यावरून उतरवली अन् मागच्या खोलीत माझ्याकडं घेऊन आले. खिळाही उपटून आणला होता.

“हे आता तुमचं. मी माहीत न्हाई म्हणलो, तुम्ही उगवता म्हणलात. म्हणणाऱ्यानं सांभाळायचं.”

मी विचारलं, “खरा बघितल्यावर ह्याचं काय कौतुक राह्यलंय तुम्हाला?”

“खरा लई मोठा हाय, मालक. मागं सरकायला जागाच न्हाई.”

पुढं दोन हिवाळे ते आमच्यात होते. गेले तेव्हा पुतण्या आला, खाट नेली, स्टोव्ह नेला, बाकीची चित्रंही नेली. ही फ्रेम बघून त्यानं विचारलं, हे काकांचं का? मी म्हणालो, “भिंत माझी हाय. खिळा बी माझा हाय.”

नात सणावाराला येते. तिची लेक शाळेत जाते आता. परवा नात म्हणाली, “आबा, ह्या चित्राचा फोटो मोबाइलमध्ये टाकला ना, तर उगवता का मावळता ते दोन मिन्टांत कळंल. टाकू का?”

“टाकू नको.”

“का?”

मी खाट त्याच्याच समोर टाकलेली आहे. सकाळी बघतो, दुपारी बघतो, दिवे लागायच्या वेळी बघतो. इतकी वर्षं झाली, ती टिकली पाण्याच्या वर आहे तिथंच आहे.

“कळायचं काय राह्यलंय त्यात?” मी म्हणालो. “मावळता असता तर एव्हाना बुडला असता.”